कवचधर जीवाश्म, महाराष्ट्रातील सरीसृप थरांमधील

प्राचीन सरीसृपांच्या (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या) अस्थी ज्या खडकांत सापडतात त्याच खडकांत पुष्कळदा कवचधर (क्रस्टेशिया) वर्गातील प्राण्यांची कवचेही सापडतात. शेवंडे, खेकडे व कोळंबी हे या वर्गातील परिचित प्राणी होत. परंतु महाराष्ट्रातील जीवाश्मांत त्यांच्याऐवजी एक ते काही मिलिमीटर लांबीचे, शिंपल्यासारख्या दोन झडपांत राहणारे सूक्ष्म कवचधरच प्रामुख्याने आढळतात. संग्रहालयातील प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच मोठ्या अस्थींकडे जाते. तथापि ज्या पाण्याच्या तळाशी त्या अस्थी गाळात पुरल्या गेल्या ते पाणी समुद्राचे होते, खाडीचे होते की गोड्या सरोवराचे होते, या प्रश्नाचे उत्तर अस्थींपेक्षा ही कवचे अधिक विश्वसनीयपणे देतात. महाराष्ट्राच्या भूवैज्ञानिक इतिहासात हा प्रश्न एकाहून अधिक वेळा उपस्थित झाला आणि प्रत्येक वेळी या क्षुद्र जीवांची साक्ष निर्णायक ठरली.

समुद्री सरीसृप व कवचधर यांच्या सहवासाची प्रसिद्ध उदाहरणे यूरोपातील आहेत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस येथे लायस कालीन (जुरासिक कालखंडाच्या आरंभीच्या) थरांत इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर या समुद्री सरीसृपांबरोबर एरिऑन कुलातील शेवंडासारखे दशपाद कवचधर मिळतात. भारतात निर्विवाद समुद्री सरीसृप कच्छमध्ये व तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली परिसरात मिळाले आहेत. कच्छमधील लोडाई या गावाजवळ सापडलेल्या व सु. ५·५ मी. लांबीच्या इक्थिओसॉराचे वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात मध्यजीव महाकल्पातील समुद्री खडक जवळजवळ नाहीतच. त्यामुळे येथील सरीसृप थरांचा समुद्राशी संबंध जोडण्याचा प्रत्येक प्रयत्न फार काळजीपूर्वक तपासावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यात तर अशा अस्थी सापडण्याची अपेक्षाच करता येत नाही. भीमा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या, म्हणजे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भेगांवाटे बाहेर पडलेल्या लाव्ह्यांच्या थरांनी व्यापलेला आहे. या काळ्या खडकाखाली एखाद्या जुन्या समुद्राचे अथवा सरोवराचे गाळ दडलेले असतील काय, हे पृष्ठभागावरून कळत नाही. या भागापुरते त्याचे काहीसे उत्तर एका आपत्तीमुळे मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर तेथे ६१७ मी. खोलीचे वेधन करण्यात आले. किल्लारी हे सोलापूरच्या ईशान्येस आहे. या छिद्रात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली, त्याखाली जेमतेम ८ मी. जाडीचा गाळाचा थर आणि लगेच अतिप्राचीन स्फटिकी खडक लागले. डायनोसॉरांच्या काळातील जाड गाळांचे जे थर कोठेतरी असावयास हवेत, ते या ठिकाणी नाहीत. ते पाहण्यासाठी लाव्ह्यांच्या आवरणाची पूर्व कड ओलांडून वर्धा व प्राणहिता नद्यांच्या खोऱ्यांत जावे लागते. तेथे गोंडवनी संघाचे वालुकाश्म, पंकाश्म व चुनखडक उघडे पडले आहेत.

या थरांत मिळणारे कवचधर मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला ऑस्ट्रॅकोडांचा. यांचे कवच कॅल्शियम कार्बोनेटाचे, घेवड्याच्या बीसारखे व साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचे असते. समुद्रात, खाडीत, तळ्यात व डबक्यात यांच्या निरनिराळ्या प्रजाती राहतात आणि एकीची जागा दुसरी सहसा घेत नाही. म्हणून कवचाचा आकार, त्यावरील खाचा आणि दोन झडपांची बिजागरी यांवरून पाण्याचा प्रकार ओळखता येतो. दुसरा प्रकार काँकोस्ट्रॅका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांचा होय. यांचे कवच पातळ, शृंगी द्रव्याचे व हुबेहूब लहान शिंपल्यासारखे दिसते. इतर कवचधर वाढताना जुनी कात पूर्णपणे टाकतात. काँकोस्ट्रॅका मात्र अंगावरील कात टाकताना झडपांवरील जुना पापुद्रा तसाच ठेवून त्याखाली नवा, थोडा मोठा पापुद्रा तयार करतात. त्यामुळे कवचावर एकात एक अशा वाढीच्या रेषा उमटतात. हे प्राणी बहुतेक सर्व गोड्या अथवा किंचित मचूळ पाण्यात, त्यातही पावसाने भरणाऱ्या व उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत राहतात. त्यांची अंडी सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षे टिकतात आणि पाऊस पडताच फुटतात. काही आठवड्यांत पिढी पूर्ण होते. दख्खनच्या पठारावरील अवर्षणप्रवण मुलखाला साजेसे हे जीवन आहे. खुल्या समुद्रात ते राहत नाहीत. एखाद्या थरात त्यांची कवचे दाटीने पसरलेली असतील, तर तो थर समुद्रतळाचा नव्हे असे धरावयास हरकत नाही.

या अभ्यासाचा आरंभ लाव्ह्यांच्या थरांमधल्या गाळांपासून झाला. मद्रास सेवेतील शल्यचिकित्सक जॉन ग्रँट मॅल्कमसन यांनी हैदराबाद ते नागपूर या मार्गावर निर्मळजवळच्या सिचेल टेकड्यांत मिळालेल्या जीवाश्मांवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३७ मध्ये निबंध वाचला. तो १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील गोगलगायींच्या शंखांबरोबर मिळालेल्या ऑस्ट्रॅकोडांना जेम्स डी कार्ल सॉवरबी (१७८७–१८७१) यांनी सिप्रिस सबग्लोबोजा व सिप्रिस सिलिंड्रिका अशी नावे दिली. दोन लाव्हा प्रवाहांमध्ये गोड्या पाण्याची तळी होती, म्हणजे लाव्हा एकदाच न वाहता मध्ये विश्रांती घेत वाहिला, हे त्यांवरून दिसून आले. बेसाल्टाचे थर समुद्राखाली साचले असावेत ही त्या काळी विचारार्ह वाटणारी कल्पना त्यामुळे मागे पडू लागली.

मुंबई बेटावरील अशाच थरांत पृष्ठवंशी प्राण्यांचे अवशेषही मिळाले. वरळीच्या बेडकाला रिचर्ड ओवेन (१८०४–९२) यांनी १८४७ मध्ये राना पुसिला हे नाव दिले. आज तो इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या लष्करी वैद्यकीय सेवेतील हेन्री जॉन कार्टर (१८१३–९५) यांनी १८५२ मध्ये बेटाच्या भूविज्ञानावरील आपल्या विस्तृत निबंधात तेथील कासवाचे वर्णन करून त्यास डॉ. लीथ यांचे नाव दिले. या कासवाची प्रजाती आज खुद्द कार्टर यांच्या नावाने, कार्टरेमिस अशी, ओळखली जाते. बेडूक व कासव यांच्या सोबत सिप्रिसची कवचे विपुल होती. बेडूक खाऱ्या पाण्यात राहत नाही हे सर्वविदित असल्याने येथे समुद्राचा संशय फारसा कोणी घेतला नाही. अंबोली येथील खाणीतून मिळालेल्या आणखी एका कासवाला २००३ मध्ये संकुचेमिस सेथनाय हे नाव देण्यात आले. त्यात मुंबईच्या भूवैज्ञानिक सेठना यांचा गौरव आहे.

खरा पेच पडला तो प्राणहितेच्या काठी. तो समजण्यासाठी नागपूरच्या दोन मिशनऱ्यांची ओळख आवश्यक आहे. स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे १८४५ मध्ये नागपुरास आले. रॉबर्ट हंटर (१८२३–९७) त्यांना नंतर येऊन मिळाले. धर्मप्रचाराच्या फेऱ्यांत दगड गोळा करण्याचा दोघांना छंद जडला. नागपूरजवळ टाकळी येथील अंतरा-ट्रॅपी थरांपासून सुरुवात करून त्यांनी काही वर्षांतच नागपूर प्रांताच्या खडकांची अशी मांडणी केली, की पुढील सरकारी सर्वेक्षणाला तिच्यावरच उभे राहावे लागले. नागपूरच्या दक्षिणेस सु. ९५ किमी. वर वर्धा खोऱ्यात मांगली हे गाव आहे. तेथील तांबूस वालुकाश्मात त्यांना एक चपटी, रुंद कवटी मिळाली आणि त्याच खडकात नखाएवढ्या शिंपल्यांचे असंख्य ठसे दिसले. कवटी लंडनला पोचली. ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव देऊन तिचे वर्णन लॅबिरिंथोडोंट सरीसृपाची कवटी म्हणून केले. त्या काळच्या वर्गीकरणात हे प्राणी सरीसृपांतच गणले जात. आज ते उभयचर मानले जातात. त्यामुळे मांगली हे सरीसृपांचे स्थळ म्हणून जुन्या ग्रंथांत दिसते ते आजच्या अर्थाने तसे नाही.

कोटा हे गाव गडचिरोली जिल्ह्यात (१९८२ पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात) सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेच्या डाव्या काठी वसले आहे. तेथे दगडी कोळसा असल्याची वार्ता १८४१ मध्ये डॉ. वॉकर यांनी प्रसिद्ध केली. कोळशाच्या शोधात पुढे डॉ. टी. एल. बेल यांनी त्या परिसराची पाहणी केली. कोळशाने निराशा केली. चुनखडकाच्या पातळ फरशांत मात्र चकचकीत खवल्यांचे मासे सापडले. मुंबई इलाख्याची सांख्यिकीय पाहणी केल्याने महाराष्ट्रास परिचित असलेले कर्नल साइक्स यांनी त्यांपैकी एक मासा लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे ठेवला. सर फिलिप एगर्टन यांनी १८५१ मध्ये त्याला लेपिडोटस डेक्कनेन्सिस हे नाव दिले. पाठोपाठ १८५२ मध्ये बेल यांच्या निबंधासोबत आलेल्या मगरीच्या अवशेषांवर ओवेन यांनी टिपण लिहिले. त्यांना हे अवशेष टेलिओसॉरस या प्राण्याशी जवळचे वाटले.

या निर्धारणाचे महत्त्व मोठे होते. टेलिओसॉर म्हणजे लांब, अरुंद जबड्याच्या, मासे खाणाऱ्या मध्यजीव मगरी. यूरोपात त्यांचे सांगाडे यॉर्कशरमधील व्हिट्बीसारख्या ठिकाणी, इक्थिओसॉरांच्या शेजारी, समुद्री थरांत मिळत. लेपिडोटस व कोट्याचे दुसरे मासे यांचे यूरोपीय भाईबंदही लायसच्या समुद्री थरांतलेच. मासे समुद्राचे, मगर समुद्राची आणि खडक चुनखडक. तेव्हा जुरासिक काळी भारतीय द्वीपकल्पाच्या मध्यभागापर्यंत समुद्राचा एखादा फाटा आला असावा, असे लंडनमध्ये बसून ही पेटी उघडणाऱ्याला वाटणे अगदी स्वाभाविक होते. असा फाटा मानला की कोळशाचे वय, थरांचा क्रम व द्वीपकल्पाचा नकाशा या सर्वांची मांडणी बदलते. हिस्लॉप व हंटर यांनी तर नागपूर प्रांतातील कोळसा जुरासिक काळातील मानला होता. (तो पर्मियन काळातील, म्हणजे कितीतरी जुना आहे, हे पुढे ठरले.)

कोट्याच्या चुनखडकातही मांगलीसारखे सूक्ष्म शिंपले होते. त्यांचा उलगडा टॉमस रूपर्ट जोन्स (१८१९–१९११) यांनी केला. जोन्स मूळचे वैद्य. सूक्ष्म कवचधरांच्या जीवाश्मांवर त्या काळी त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नव्हता. नागपूरच्या सिप्रिस-सदृश जीवाश्मांवर त्यांनी १८६० मध्ये टिपण लिहिलेच होते. १८६२ मध्ये त्यांचा जीवाश्म एस्थेरियांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. यूरोपातील ट्रायासिक खडकांत असे वाढीच्या रेषा असलेले लहान शिंपले सर्वत्र मिळत आणि पॉसिडोनोमिया या समुद्री द्विपुट मृदुकायाचे म्हणून ते नोंदले जात. एवढ्या एका नावामुळे कितीतरी सरोवरी थर समुद्री समजले गेले होते. जोन्स यांनी कवचांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दोन वाढरेषांमधील पट्ट्यांवर जाळीदार नक्षी दिसली. मृदुकायांच्या शिंपल्यात ती नसते. हयात काँकोस्ट्रॅकाच्या कवचात ती असते. शिंपला मृदुकायाचा नसून कवचधराचा, आणि म्हणून समुद्राचा नसून डबक्याचा, असा हा सरळ निष्कर्ष होता. मांगलीच्या जीवाश्माला त्यांनी एस्थेरिया मंगलिएन्सिस आणि कोट्याच्या जीवाश्माला एस्थेरिया कोटाएन्सिस अशी नावे दिली. एस्थेरिया हे नाव एका माशीला आधीच दिले गेले असल्याचे पुढे लक्षात आल्याने नियमानुसार ते सोडावे लागले आणि हे जीवाश्म आता सायझिकस व तत्सम प्रजातींत घालतात. जुन्या भारतीय ग्रंथांतील व संग्रहालयांतील चिठ्ठ्यांवर मात्र एस्थेरियाच आढळते.

जोन्स यांच्या निर्णयाला बळकटी देणारी गोष्ट हिस्लॉप यांनीच नागपुरात केली होती, आणि या सर्व इतिहासात तिचे मोल विशेष आहे. जीवाश्म गोळा करता करता त्यांनी आसपासच्या तळ्यांतील व डबक्यांतील जिवंत कवचधरही गोळा करून लंडनला पाठविले. ब्रिटिश म्यूझियममधील विल्यम बेअर्ड (१८०३–७२) यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि एका जातीला एस्थेरिया हिस्लोपी असे नाव दिले. तीच आजची सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. ही जाती पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथील उष्ण प्रदेशांतही आढळली. तिची पिले मादीच्या कवचाखालीच वाढून पूर्ण आकार घेऊन बाहेर पडतात आणि वर्गीकरणदृष्ट्या ती जलपिसवांच्या जवळची ठरली आहे. तिच्या अभ्यासावर जगभर लेख निघतात. त्यांत नागपूरचा उल्लेख मूळ स्थळ म्हणून येतो. सॉवरबींनी जीवाश्माला दिलेले सिप्रिस सबग्लोबोजा हे नावही पुढे भारतातील तळ्यांत व भातखाचरांत राहणाऱ्या जिवंत ऑस्ट्रॅकोडाला लावले गेले. खडकातील शिंपला आणि दारातल्या डबक्यातील प्राणी एकाच संग्राहकाच्या हाती असल्यामुळे तुलना शक्य झाली. पुराजीवविज्ञानात अशी सोय क्वचित मिळते. हिस्लॉप यांना या कामाचा पुढील विस्तार पाहता आला नाही. टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून ४ सप्टेंबर १८६३ रोजी घोड्यावरून एकटे परतत असताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले.

कोट्याच्या थरांकडे यानंतर दीर्घकाळ फारसे लक्ष गेले नाही. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्राणहिता–गोदावरी खोऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तरी कोट्याचे जुरासिक थर व मालेरीचे ट्रायासिक थर यांची सरमिसळ पुष्कळ वर्षे चालू राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूवैज्ञानिकांनी या खोऱ्यात पद्धतशीर काम सुरू केले. त्यांनी शोधलेल्या महाकाय शाकाहारी डायनोसॉराला १९७५ मध्ये बरापासॉरस टागोराय हे नाव मिळाले. बांगला भाषेतील ‘मोठे पाय’ आणि रवींद्रनाथ ठाकूर यांची जन्मशताब्दी (१९६१) यांचा त्यात संयोग आहे. त्याच्या अस्थी चुनखडकाखालील थरांत, आजच्या तेलंगणाच्या बाजूस मिळाल्या. चुनखडकातून उडणारा सरीसृप कॅम्पिलोग्नॅथॉइड्स इंडिकस व सीलाकँथ गटातील एक मासा (दोन्ही १९७४) आणि इंडोचेलिस हे कासव (२०००) यांची भर पडली.

त्याच वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, ए. गोविंदन यांचा कोटा चुनखडकातील ऑस्ट्रॅकोडांवरील निबंध निघाला. डायनोसॉराच्या बातमीपुढे तो कोणाच्या डोळ्यांत भरला नाही, परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होय. हे ऑस्ट्रॅकोड गोड्या पाण्यातीलच असल्याचे त्यात दाखविले होते. त्यांत डार्विन्युला या, गोड्या पाण्यात राहणाऱ्या म्हणून सुपरिचित असलेल्या प्रजातीचा समावेश होता. एस्थेरियाने ११३ वर्षांपूर्वी दिलेली साक्ष दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे कायम केली. चुनखडकाच्या मधल्या मातीच्या थरांतून ही कवचे काढण्याची रीत सोपी पण चिकाटीची आहे. माती वाळवून पाण्यात भिजत ठेवावी, विरघळली की बारीक चाळण्यांतून धुवावी, चाळणीवर राहिलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडावा. याच धुण्यातून कोट्याच्या थरांत उंदराएवढ्या आद्य सस्तन प्राण्यांचे दातही मिळाले. त्यांपैकी कोटाथेरियम हॅल्डेनायचे वर्णन १९८१ मध्ये झाले. कोटा थरांच्या वयाविषयी मात्र एकमत नाही. माशांवरून ते लायस कालीन ठरले होते. परागकण व इतर पुराव्यांवरून ते मध्य जुरासिक किंवा त्याहूनही अलीकडचे असावेत, असे मत नंतर मांडले गेले.

पाणी गोडे होते हे निश्चित झाले, तर मग टेलिओसॉराचे काय? ओवेन यांचे निर्धारण मोजक्या अवशेषांवर आधारलेले होते आणि ते चुकीचे असावे असे म्हणून हात झटकणे सोपे होते. गेल्या काही वर्षांत उत्तर अनपेक्षित दिशेने आले. थायलंडमध्ये फू नोई येथील जुरासिक थरांत टेलिओसॉर गटातील मगरींचे अनेक सांगाडे मिळाले आणि ते थर निःसंशय नदी-सरोवरांचे आहेत. तेथील एका जातीला इंडोसिनोसुकस पोटॅमोसियामेन्सिस असे नाव देताना ‘नदी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा वापर मुद्दाम केलेला आहे. म्हणजे या गटातील काही प्राणी समुद्र सोडून, अथवा समुद्रात न जाताच, गोड्या पाण्यात राहत होते. ओवेन यांनी मगर बरोबर ओळखली असेल, जोन्स यांनी पाणीही बरोबर ओळखले असेल. चूक होती ती एका प्रदेशातील प्राण्याची सवय सर्व प्रदेशांत तीच असणार असे गृहीत धरण्यात. मगरीसारखा मोठा व फिरता प्राणी पाणी बदलू शकतो. डबक्यात जन्मून डबक्यातच मरणाऱ्या मिलिमीटरभर प्राण्याला ती सोय नसते, म्हणून त्याची साक्ष अधिक ग्राह्य धरावी लागते.

काँकोस्ट्रॅकाच्या याच मर्यादेचा उपयोग आणखी एका मोठ्या वादात केला गेला. अमेरिकन पुराजीववैज्ञानिक पॉल टॅश यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील सहकाऱ्यांबरोबर भारतीय गोंडवनी थरांतील एस्थेरियांचा अभ्यास करून १९७५ मध्ये, आणि पुढे दक्षिण गोलार्धातील सर्व काँकोस्ट्रॅकांचा आढावा घेऊन १९८७ मध्ये, असा युक्तिवाद केला की भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथील जवळच्या जाती पाहता ही भूखंडे एकेकाळी सलग असली पाहिजेत. कारण हे प्राणी महासागर ओलांडू शकत नाहीत. सुकी अंडी वाऱ्याबरोबर किंवा पक्ष्यांच्या पायांना चिकटून दूरवर जातात, हा आक्षेप त्यावर घेता येतो व तो दुर्लक्षणीय नाही. खंडविप्लव आता महासागरतळाच्या पुराव्यावर उभा आहे. मांगली-कोट्याच्या शिंपल्यांचा आधार त्याला पूरक एवढाच मानणे योग्य ठरेल.

सरीसृप व कवचधर यांचा सर्वांत निकटचा सहवास चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे आढळतो. येथील लॅमेटा थर उत्तर क्रिटेशस काळातील, म्हणजे लाव्हा वाहू लागण्याच्या सुमाराचे आहेत. डायनोसॉरांच्या अस्थी, १९७७ मध्ये वर्णिलेले एक कासव आणि शेतांतून विखुरलेले विष्ठाश्म (विष्ठेचे जीवाश्म) यांसाठी हे स्थळ प्रसिद्ध आहे. या विष्ठाश्मांचे पातळ छेद घेतले असता आत वनस्पतींच्या ऊतींबरोबर ऑस्ट्रॅकोडांची कवचे दिसली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी पिताना किंवा पाणवनस्पती खाताना ती पोटात गेली असावीत. विष्ठा टाकणारा प्राणी नेमका कोणता होता हे विष्ठाश्मावरून सांगणे कठीण असते. तो गोड्या पाण्याच्या काठी चरत होता एवढे मात्र या कवचांवरून सांगता येते.

समुद्राचा प्रश्न एकविसाव्या शतकात पुन्हा निघाला, पण या वेळी गोड्या पाण्याच्या बाजूने नव्हे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, नागपूरच्या उत्तरेस, झिलमिली येथील अंतरा-ट्रॅपी थरांत समुद्राच्या पृष्ठभागी तरंगणारे फोरॅमिनिफेरा सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये हे समुद्री जीव आढळावेत ही गोष्ट चकित करणारी होती. हे फोरॅमिनिफेरा डायनोसॉरांच्या विलोपानंतरच्या, पॅलिओसीन काळाच्या अगदी आरंभीचे असल्याने लाव्ह्यांचे वयही त्यांवरून बांधता आले. त्यांच्यासोबतच्या ऑस्ट्रॅकोडांत गोड्या पाण्यातील, मचूळ पाण्यातील व समुद्री अशा तिन्ही प्रकारच्या जाती मिसळलेल्या निघाल्या. त्यांवरून नर्मदा–तापीच्या खचदऱ्यांतून समुद्राची एक चिंचोळी जीभ अल्पकाळ आत आली असावी, असा तर्क करण्यात आला. तो सर्वमान्य झाला आहे असे म्हणता येत नाही. परंतु खारे व गोडे पाणी तेथे कोठेतरी भेटत होते हे या मिश्र समूहामुळे नाकारणे कठीण झाले आहे.

लाव्हा प्रदेशाच्या दक्षिण बाजूस, सोलापूरच्या शेजारच्या पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यात, गुरमटकल परिसरातील अंतरा-ट्रॅपी थरांतूनही ऑस्ट्रॅकोड वर्णिले गेले आहेत आणि ते समुद्री नाहीत. झिलमिलीचा समुद्र इतका दक्षिणेस पोचल्याची खूण तेथे मिळत नाही. असे थर बहुधा एक-दोन मीटर जाडीचे, पांढुरके किंवा हिरवट असतात आणि विहीर खणताना, रस्त्यासाठी टेकडी कापताना किंवा खडी काढताना अचानक दिसतात. मुंबईतील अशा थरांची पुष्कळ स्थळे बांधकामाखाली गेली आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे अश्मीभूत लाकूड व डायनोसॉरांच्या अस्थी यांच्या रक्षणासाठी जीवाश्म उद्यान केलेले आहे. चुनखडकाच्या फरशांतील व मातीच्या थरांतील सूक्ष्म कवचांना असे संरक्षण देणे अवघड असते; फरशी फोडून किंवा माती धुऊन पाहिल्याखेरीज ती तेथे आहेत हेच कळत नाही.